पहारेकऱ्याचा पगार कोण देतो?

बँकेच्या शाखेत पाऊल टाकले की रोखपाल, शाखाधिकारी, कर्ज विभागाचा अधिकारी, पासबुक भरून देणारा लिपिक ही सर्व मंडळी आपल्या परिचयाची असतात. एक अधिकारी मात्र सामान्य खातेदाराला कधी दिसत नाही. तो बहुधा मुख्य कार्यालयात बसतो. तो ठेवी गोळा करीत नाही, कर्जे मंजूर करीत नाही आणि बँकेच्या नफ्यात एका पैचीही भर घालीत नाही. बँकेत येणारा व बँकेतून जाणारा पैसा कोणाचा, कोठून आला आणि कशासाठी चालला याविषयी शंका घेणे, आणि शंका दृढ झाली तर ती सरकारला कळविणे, एवढेच त्याचे काम. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत त्याला प्रिन्सिपल ऑफिसर म्हटले आहे. बँकेच्या बोलीत तो 'कम्प्लायन्सचा माणूस'. आपल्याच संस्थेच्या पगारावर राहून आपल्याच संस्थेच्या बड्या गिऱ्हाइकाविषयी संशय घेण्याचे हे काम आहे. त्या पदाची सारी अडचण यातच आली.

आपल्याकडे 'काळा पैसा' हा शब्द इतका रुळला आहे की करचुकवेगिरीचा पैसा आणि गुन्ह्याचा पैसा यांत भेद करण्याची सवयच राहिलेली नाही. पावती न देणाऱ्या डॉक्टराचे उत्पन्न मुळात श्रमाचे असते. तो ते केवळ प्राप्तिकर खात्यापासून लपवितो. खंडणीखोराला, अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याला किंवा लाच खाणाऱ्याला पैशाचा उगमच लपवावयाचा असतो. लपविलेला पैसा ट्रंकेत पडून राहू शकतो. धुतलेल्या पैशाला मात्र ट्रंकेबाहेर येऊन प्रतिष्ठित नावाने बाजारात हिंडावयाचे असते. घर, जमीन, शेअर, कारखाना यांचे रूप घ्यावयाचे असते. हे रूपांतर साधारणत: तीन पायऱ्यांनी होते. प्रथम तो पैसा बँकव्यवस्थेत शिरतो, मग खात्याखात्यांतून आणि देशादेशांतून इतका फिरविला जातो की माग काढणे कठीण व्हावे, आणि अखेर तो कायदेशीर मालमत्ता म्हणून परततो. हवाला, सोने, बेनामी जमीन हे मार्ग आहेतच. पण मोठ्या रकमेला कधी ना कधी बँकेचा उंबरठा ओलांडावा लागतो. म्हणूनच जगभरच्या कायद्यांनी पहारा तेथे बसविला. अमेरिकेने बँकांवर नोंदी व अहवालांचे बंधन १९७० मध्येच घातले आणि पैशाची धुलाई हा स्वतंत्र गुन्हा १९८६ मध्ये ठरविला. १९८९ च्या पॅरिस परिषदेत सात बड्या राष्ट्रांनी फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्सची स्थापना केली. आपला २००२ चा कायदा अमलात आला तो १ जुलै २००५ रोजी. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २००४ मध्ये, बँकांचे अहवाल स्वीकारण्यासाठी दिल्लीत वित्तीय गुप्तवार्ता कक्ष स्थापन झाला होता. भारत टास्क फोर्सचा सदस्य झाला २०१० मध्ये.

या कायद्याखालील नियमांनुसार दहा लाख रुपयांहून मोठ्या रोख व्यवहारांची माहिती दरमहा या कक्षाला जाते. एका महिन्यात तुकड्यातुकड्यांनी केलेले, परंतु एकमेकांत गुंतलेले आणि मिळून दहा लाखांवर जाणारे व्यवहारही त्यात येतात. हे काम यंत्राचे आहे. संगणक ते करतो. खरी कसोटी असते ती संशयास्पद व्यवहाराच्या अहवालाची. त्याला रकमेची मर्यादा नाही. व्यवहार पुरा झालाच पाहिजे असेही नाही, नुसता प्रयत्नही पुरेसा आहे. येथे पैसे मोजून भागत नाही, विवेक लागतो. शिक्षकाच्या पगाराच्या खात्यात एका दिवसात निरनिराळ्या राज्यांतून चाळीस जमा आणि सायंकाळच्या आत सर्व रक्कम एटीएममधून बाहेर. वर्षभर झोपलेल्या चालू खात्यात अकस्मात कोटींची उलाढाल. किराणा दुकानाच्या नावे परदेशी रवानगी. असे काही दिसले की संगणक इशारा देतो. इशाऱ्यांतील बहुसंख्य निरर्थक असतात. कोणी घर विकलेले असते, कोणाच्या मुलीचे लग्न असते, कोणी निवृत्त झालेला असतो. या ढिगातून खरी शंका वेचून काढणे आणि 'मला संशय का आला' हे चार परिच्छेदांत लिहिणे हे त्या अधिकाऱ्याचे काम. तो अहवाल गुप्त राहावा लागतो. ज्याच्याविषयी तो लिहिला त्याला त्याचा सुगावा लागता कामा नये. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल बँकेवर किंवा तिच्या कर्मचाऱ्यावर दावा चालू नये, असे संरक्षण कायद्याने दिले आहे. गिऱ्हाइकाच्या दाव्यापासून हे संरक्षण आहे. वरिष्ठाच्या नाराजीपासून कोणता कायदा संरक्षण देतो?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. एचएसबीसी या जगड्व्याळ बँकेने डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकी सरकारला सुमारे १९० कोटी डॉलर देऊन आपल्यावरील खटला टाळला. मेक्सिको आणि कोलंबिया येथील टोळ्यांचा निदान ८८ कोटी डॉलरचा अमली पदार्थांचा पैसा तिच्यातून गेला होता. मेक्सिकोतील शाखांत रोख डॉलर भरलेल्या पेट्या येत, आणि त्या पेट्या शाखेच्या खिडकीच्या मापाने मुद्दाम बनवून घेतलेल्या असत, असे अमेरिकेच्या न्याय खात्यानेच सांगितले. याच काळात ही बँक मेक्सिकोची गणना कमीत कमी जोखमीच्या देशांत करीत होती! जुलै २०१२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे या बँकेच्या कम्प्लायन्स विभागाचे जागतिक प्रमुख डेव्हिड बॅग्ली यांनी साक्षीदाराच्या खुर्चीतूनच पद सोडत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या साक्षीतील मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. धोरण आखणे, सल्ला देणे, वर कळविणे हे आपले काम होते. देशोदेशीच्या उपकंपन्यांतील कम्प्लायन्स विभागांवर आपली हुकमत नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. ही सबब की वस्तुस्थिती, यावर वाद होईल. परंतु जबाबदारी जगभरची आणि अधिकार सल्ल्यापुरता, अशी रचना मुद्दाम करावयाची म्हटले तरी याहून सोयीची करता आली नसती. खटला कोणावर झाला नाही. दंड भागधारकांच्या पैशातून गेला.

अधिकार असूनही तो न वापरणाऱ्याचे काय, याचे उत्तर अमेरिकेतच दोन वर्षांनी मिळाले. मनीग्राम ही पैसे पाठविण्याचा व्यवसाय करणारी कंपनी. नातू संकटात आहे, लॉटरी लागली आहे, अशा थापा मारून वृद्धांकडून पैसे उकळणाऱ्यांना तिचे काही एजंट साथ देत होते आणि तक्रारी कंपनीच्या दप्तरी साचत होत्या. अशा एजंटांना काढून टाकण्याचा अधिकार कम्प्लायन्स प्रमुख टॉमस हायडर यांना होता. तो त्यांनी वापरला नाही, हा सरकारचा आरोप. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांना व्यक्तिश: दहा लाख डॉलरचा दंड ठोठावण्यात आला. कंपनी जबाबदार असेल, मी व्यक्ती म्हणून कसा, हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. २०१७ मध्ये अडीच लाख डॉलर आणि तीन वर्षे अशा कामास बंदी, यावर तडजोड झाली. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे निष्कर्ष आपोआप पुढे येतो. अधिकार दिलाच नाही तर दोष द्यावयाला कोणी उरत नाही; अधिकार दिला तर दोषही देता येतो. बँकांना पहिली व्यवस्था का आवडते, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु तिसरे प्रकरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अधिक बारकाईने पाहावे असे आहे. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेने २००७ मध्ये एका फिनिश बँकेच्या खरेदीबरोबर एस्टोनियातील छोटी शाखा पदरात पाडून घेतली. २००७ ते २०१५ या काळात या शाखेतील परदेशस्थ खातेदारांच्या खात्यांतून सुमारे २०० अब्ज युरो वाहिले. एस्टोनियाचे त्या काळातील वार्षिक राष्ट्रीय उत्पन्न २० अब्ज युरोंच्या आसपास होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. सारीच रक्कम गुन्ह्याची होती असे नव्हे. पण तिचा मोठा भाग संशयास्पद होता, असे बँकेने नेमलेल्या वकिलांनीच २०१८ च्या अहवालात नमूद केले. मुख्य कार्यालयाला हे का दिसले नाही? एक कारण अगदी कारकुनी आहे. ही शाखा बँकेच्या मध्यवर्ती संगणक व्यवस्थेत आणणे खर्चाचे म्हणून ते टाळले गेले, आणि शाखेची बरीच कागदपत्रे एस्टोनियन व रशियन भाषांत होती, जी कोपनहेगनमध्ये कोणाला वाचता येत नव्हती. दुसरे कारण कारकुनी नाही. ही चिमुकली शाखा तिच्या आकाराच्या मानाने विलक्षण नफा देत होती. जेथे भांडवलावर अवाच्या सवा परतावा मिळतो तेथे काही तरी जोखीम दडलेली असली पाहिजे, हे आम्ही वर्गात पहिल्याच वर्षी शिकवितो. संचालक मंडळाच्या सभेत मात्र असा परतावा टाळ्या घेतो.

आणि या प्रकाराला तोंड कोणी फोडले? हॉवर्ड विल्किन्सन यांनी. ते बाल्टिक देशांतील बाजार व्यवहारांचे प्रमुख होते, म्हणजे कम्प्लायन्सचे नव्हे, धंद्याच्याच बाजूचे. ब्रिटनच्या कंपनी निबंधकाकडे त्यांनी एका खातेदार कंपनीचे हिशेब सहज तपासले, तेव्हा व्यवहार बंद असल्याचे तेथे लिहिलेले आढळले. इकडे त्याच कंपनीच्या खात्यातून कोट्यवधींची उलाढाल होत होती. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी कोपनहेगनला लेखी इशारा दिला. हे तपासावयास ना गुप्तहेर लागत होते, ना महागडी यंत्रणा. एक माणूस, एक सार्वजनिक नोंदवही आणि प्रश्न विचारण्याची इच्छा पुरेशी होती. बँकेच्या मुख्याधिकाऱ्याला पद सोडावे लागले ते सप्टेंबर २०१८ मध्ये. अमेरिकेत बँकेने गुन्हा कबूल करून सुमारे २०० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले ते डिसेंबर २०२२ मध्ये.

आपल्याकडेही असे घडते काय, असे कोणी विचारील. दिल्लीच्या अशोक विहारमधील बँक ऑफ बडोदाच्या शाखेचे प्रकरण ऑक्टोबर २०१५ मध्ये उजेडात आले. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या आरोपानुसार ५९ चालू खात्यांतून सुमारे ६,००० कोटी रुपये आयातीच्या आगाऊ रकमा म्हणून मुख्यत: हाँगकाँगला गेले, बँकेच्या स्वत:च्या हिशेबाने रक्कम याहून बरीच कमी होती. रवानग्या लाख डॉलरच्या आत ठेवलेल्या होत्या, कारण त्याखाली देखरेख शिथिल असे. बराचसा पैसा इतर बँकांतून आरटीजीएसने आलेला होता; म्हणजे प्रत्येक बँकेने हत्तीचा एकेक अवयव चाचपला आणि आपल्यापुरते समाधान मानले. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये या बँकेला पाच कोटींचा दंड केला. मार्च २०२४ मध्ये वित्तीय गुप्तवार्ता कक्षाने पेटीएम पेमेंट्स बँकेला ५ कोटी ४९ लाखांचा दंड केला. मूळ कायद्यात प्रत्येक चुकीमागे दंड आहे तो दहा हजारांपासून एक लाखापर्यंत. बड्या बँकेच्या ताळेबंदात हे आकडे शोधावयास भिंग लागेल.

मग दंड वाढवावा काय? येथे थोडे सावध राहिले पाहिजे. एलॉद ताकाच या अर्थतज्ज्ञाने २००७ मध्ये मांडलेला विचार आपल्या 'लांडगा आला रे आला' या गोष्टीवरच आधारलेला आहे. अहवाल न दिल्याबद्दल जबर दंड असेल आणि निरर्थक अहवाल दिल्याबद्दल काहीच नसेल, तर बँक शहाणपणाने प्रत्येक हालचालीचा अहवाल देऊ लागते. अहवालांची संख्या वाढते, त्यांतली माहिती घटते. तपास यंत्रणेच्या टेबलावर कागदांचा डोंगर उभा राहतो आणि खरा लांडगा त्याआडून निघून जातो. कम्प्लायन्स अधिकाऱ्याच्या कामाचे मोजमाप अहवालांच्या संख्येवरून करणे म्हणजे शिक्षकाचे मोजमाप त्याने तपासलेल्या वह्यांच्या वजनावरून करण्यासारखे आहे. ज्यांनी वह्या तपासल्या आहेत त्यांना हे पटेल.

विवेकाची जागा कागदाने घेतली की भार दुबळ्यांवर पडतो. आपल्या सर्वांना परिचित असलेले 'केवायसी' हे त्याचे उदाहरण. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार जास्त जोखमीच्या खातेदाराची माहिती निदान दोन वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीच्याची आठ वर्षांतून आणि कमी जोखमीच्याची दहा वर्षांतून एकदा अद्ययावत करावयाची असते. पत्ता वगैरेंत बदल नसेल तर तसे स्वत:चे निवेदन पुरते. पगारदार शिक्षक, लिपिक, निवृत्तिवेतनधारक यांना कमी जोखमीच्या वर्गात घालावयाला कोणती अडचण आहे? तरीही काठी टेकीत आलेल्या वृद्धेला तीच आधारची प्रत पुन:पुन्हा मागितली जाते आणि बनावट कंपन्यांचे संचालक कागदपत्रांचा बाड घेऊन पहिल्या दिवशीच उत्तीर्ण होतात, कारण कागद नेमके त्यांच्याजवळ सर्वांत चांगले असतात. ॲसिडहल्ल्यात डोळे गमावलेल्या वा चेहरा विद्रूप झालेल्या नागरिकांना मोबाइलवरील ओळख पडताळणीत पापण्या मिटून दाखविता येईनात, तेव्हा त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि न्यायालयाला ३० एप्रिल २०२५ रोजी ही प्रक्रिया सर्वांना पार करता येईल अशी करण्याचे आदेश द्यावे लागले. हा प्रश्न सोडविण्यासाठी तंत्रज्ञानाची नव्हे, समोरच्या माणसाकडे पाहण्याची गरज होती.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. 'माझ्याविषयी बँकेने कळविले म्हणून खाते गोठले' असे अनेकजण म्हणतात. वस्तुत: केवळ संशयाचा अहवाल दिला म्हणून बँकेने खात्यावर निर्बंध घालू नयेत, असेच रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, तसे केल्यास संशयिताला सूचनाच मिळेल. खाती गोठतात ती बहुधा सायबर पोलिसांच्या पत्रावरून, आणि त्यात पुष्कळदा सापडतात ते विद्यार्थी. महिन्याला काही हजार रुपये मिळतील म्हणून आपले खाते, एटीएम कार्ड आणि त्या खात्याला जोडलेले सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करणारी मुले आज महाविद्यालयांत आहेत. कोणा निवृत्ताची लुबाडलेली पुंजी त्या खात्यातून दहा मिनिटांत पुढे सरकते. कायद्याच्या दृष्टीने खाते ज्याच्या नावे तोच उत्तर देण्यास बांधील असतो. 'मी फक्त खाते दिले होते' ही सबब चालत नाही. अशी भाड्याची खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या संस्थेने संगणक प्रणाली तयार केली आहे, ते चांगलेच झाले. पण खाते उघडताना समोर बसलेल्या मुलाला दोन प्रश्न विचारण्याइतका वेळ शाखेतील लिपिकाला मिळतो काय? त्याच्या डोक्यावर महिन्याला इतकी खाती उघडण्याचे लक्ष्य टांगलेले असते. संशय घेण्याचा आदेश एका विभागाकडून येतो, खाती वाढविण्याचा दुसऱ्याकडून. बढती मात्र दुसराच देतो.

बँकवाले म्हणतील की पोलिसांचे काम आमच्या गळ्यात मारले आहे. तक्रारीत तथ्य आहे, पण थोडेच. लोकांच्या ठेवी स्वीकारण्याचा परवाना हा सामान्य धंद्याचा परवाना नव्हे. त्याबरोबर काही पहारा येणारच. या कायद्याखालील अटक व जामिनाच्या तरतुदींवर जे कडवे वाद झाले, ते स्वतंत्र विषय आहेत; बँकेतील अधिकाऱ्याच्या टेबलाशी त्यांचा संबंध दूरचा आहे.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकात मुख्य कम्प्लायन्स अधिकाऱ्याविषयी योग्य दिशा दाखविली. त्याला किमान तीन वर्षांची मुदत द्यावी, मुदतीपूर्वी काढावयाचे तर संचालक मंडळाची पूर्वसंमती असावी, त्याच्यावर धंद्याची लक्ष्ये लादू नयेत, त्याला थेट मुख्याधिकारी वा मंडळापर्यंत पोहोचता यावे, असे त्यात आहे. परंतु हे परिपत्रक निघाले ते व्यापारी बँकांसाठी. महाराष्ट्राची अर्धीअधिक नागरी बँकिंग परंपरा सहकारी बँकांची आहे, आणि त्यांतील लहान बँकांत प्रिन्सिपल ऑफिसर हा अनेकदा कर्जाच्या वसुलीपासून वार्षिक सभेच्या चहापानापर्यंत सर्व पाहणारा एक व्यवस्थापक असतो. ज्या संचालकाच्या शिफारशीने तो नोकरीस लागला, त्याच संचालकाच्या मेहुण्याच्या खात्याविषयी त्याने दिल्लीला लिहावे, अशी आपली अपेक्षा असते. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत एका बिल्डर गटाची मूठभर कर्जखाती झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविली गेली, असे तपासात पुढे आले. तेथे पैशाची धुलाई हा मूळ मुद्दा नव्हता, पण आतला माणूस बोलू शकला नाही ही गोष्ट तीच.

लहान सहकारी बँकेला स्वतंत्र अधिकाऱ्याचा पगार परवडत नसेल, तर एका जिल्ह्यातील पाच-सात बँकांनी मिळून एक अधिकारी नेमावा, त्याचा पगार राज्य पातळीवरील संस्थेमार्फत द्यावा आणि त्याची नेमणूक व बदली कोणा एका बँकेच्या अध्यक्षाच्या हाती ठेवू नये. गुप्ततेचे नियम त्यासाठी जुळवून घ्यावे लागतील; ते अशक्य नाही. दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. प्रत्येक बँकेने आपल्या वार्षिक अहवालात, कोणाचेही नाव न घेता, तीन ओळी छापाव्यात: या पदावरचा माणूस वर्षभरात बदलला काय, बदलला असल्यास का, आणि त्याने नोंदविलेल्या शंका वरिष्ठांनी किती वेळा बाजूला सारल्या. सभासदांच्या हाती हा अहवाल दरवर्षी पडतोच. लाभांशाच्या पानाशेजारी या ओळींना जागा होईल.